फट, काच आणि आटे

खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं गोल भोक, त्यातून आत आलेला उन्हाचा कवडसा, त्याच्या वाटेत धरलेला काचेचा लोलक आणि बावीस फुटांवरची भिंत. आयझॅक न्यूटनने १६७२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला ज्या प्रयोगाबद्दल लिहून कळवलं, त्याची सामग्री एवढीच होती. भिंतीवर गोल ठिपका पडायला हवा होता. पडला तो रुंदीच्या पाचपट लांब असा रंगीत पट्टा. न्यूटनने त्याला ‘स्पेक्ट्रम’ म्हटलं. मराठीत त्याचा वर्णपट झाला आणि शाळेच्या बाकांवर ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत पिढ्यान्‌पिढ्या तो पाठ होत आला.

त्या पट्ट्यात आणखीही काही होतं. ते न्यूटनला दिसलं नाही, आणि त्याचं एक कारण ते गोल भोक होतं.

गोल भोकातून आलेला प्रत्येक रंग भिंतीवर आपलं एक वर्तुळ उमटवतो. रंगांच्या छटा अगणित, म्हणून वर्तुळंही अगणित, आणि सगळी एकमेकांवर चढलेली. निरनिराळ्या रंगांची नाणी सरकवून एकावर एक मांडावीत, तसा तो वर्णपट असतो. मधलं एखादं नाणं कुणी काढून घेतलं तरी शेजारची नाणी ती जागा झाकून टाकतात. नाण्यांऐवजी बारीक काड्या मांडल्या असत्या तर गेलेली काडी लगेच लक्षात आली असती. भोकाऐवजी उभी, अरुंद फट ठेवली की नाण्यांच्या काड्या होतात. न्यूटनला हे सुचलं नव्हतं असं नाही. पुढे १७०४ साली आलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने लांबट, अरुंद भोकाचाही उल्लेख केला, आणि लोलकाची काच बुडबुडे व शिरा नसलेली हवी, असंही बजावलं. तशी काच मिळणं हीच तेव्हा मोठी अडचण होती.

फट वापरून त्या पट्ट्यात काळ्या रेघा पाहणारा पहिला माणूस विल्यम वोलॅस्टन. १८०२ साली त्याने इंचाच्या विसाव्या भागाएवढी फट ठेवली आणि दहा-बारा फुटांवर उभं राहून लोलक थेट डोळ्याशी धरला. रंगांच्या मध्ये त्याला काही काळ्या उभ्या रेघा दिसल्या. या रंगारंगांमधल्या नैसर्गिक सीमा असाव्यात, असं त्याने मानलं आणि तो दुसऱ्या कामाला लागला. एवढी मोठी गोष्ट हाती येऊन निसटावी याची हळहळ वाटते. पण वोलॅस्टनकडे लोलक होता, फट होती, आणि त्यापुढे फक्त उघडा डोळा होता. रेघांचं नेमकं स्थान मोजायला आणखी काहीतरी लागणार होतं. ते एका काचकाम्याच्या हाताने यायचं होतं.

म्युनिकमध्ये २१ जुलै १८०१ रोजी आरसे आणि शोभेची काच करणाऱ्या वाइक्सेलबर्गर नावाच्या कारागिराचं घर कोसळलं. ढिगाऱ्याखालून काही तासांनी एक चौदा वर्षांचा उमेदवार पोरगा जिवंत निघाला. त्याचं नाव योझेफ फ्राउनहोफर. तो श्ट्राउबिंग गावच्या एका काचकाम्याचा मुलगा. अकराव्या वर्षीच तो पोरका झाला होता, आणि मालक त्याला पुस्तकाला हात लावू देत नसे. पोरगा बाहेर काढला जात असताना बव्हेरियाचा राजा, त्या वेळचा इलेक्टर माक्सिमिलियान, तिथे हजर होता. त्याने मुलाला अठरा ड्यूकॅट दिले. फ्राउनहोफरने त्या पैशांतून काच घासण्याचं यंत्र घेतलं आणि उमेदवारीच्या उरलेल्या महिन्यांतून स्वतःला सोडवून घेतलं. योझेफ उट्‌झ्‌श्नायडर नावाचा उद्योजकही तिथे होता. त्याने मुलाला प्रकाशशास्त्राची आणि गणिताची पुस्तकं दिली, आणि काही वर्षांनी आपल्या कारखान्यात घेतलं.

हा कारखाना बेनेडिक्टबॉयर्न इथे, सरकारने ताब्यात घेतलेल्या एका मठाच्या आवारात होता. गिनाँ नावाच्या स्विस कारागिराकडे वितळलेली काच ढवळून एकजीव करण्याची विद्या होती. ती त्याने तिथे आणली आणि फ्राउनहोफरने पुढे नेली. जाडजूड, भारी शिसेयुक्त फ्लिंट काच शिरांशिवाय ओतणं त्या काळी युरोपात फार थोड्यांना जमत होतं. इंग्लंडमध्ये १८२५ नंतर खुद्द मायकल फॅरडेला अशी काच करण्याच्या कामाला लावलं गेलं. त्याची काही वर्षं त्यात गेली आणि हाती फारसं लागलं नाही. तिकडे काचेवर सरकारी करही होता, तो १८४५ पर्यंत उठला नाही. बव्हेरियाच्या एका मठातल्या भट्टीने साऱ्या इंग्लंडला मागे टाकलं होतं.

फ्राउनहोफरला विश्वाचं कोडं सोडवायचं नव्हतं. त्याला दुर्बिणीची भिंगं नीट करायची होती. एका भिंगातून पाहिलं की ताऱ्याभोवती रंगीत कडा येतात. दोन प्रकारच्या काचांची भिंगं जोडली की त्या मिटतात, पण त्यासाठी कोणती काच कोणत्या रंगाला किती वाकवते हे बिनचूक कळायला हवं. इथे अडायचं. लाल म्हणजे नेमका कुठला लाल? वर्णपटात लाल आणि नारंगी यांच्या मध्ये कुठेच बांध नसतो. मोजायचं म्हटलं तर रंगांच्या त्या वाहत्या पट्ट्यात कुठेतरी खुंटी ठोकलेली हवी.

दिव्याच्या ज्योतीत त्याला अशी एक खुंटी सापडली. ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला की पिवळ्या भागात एक झळझळीत जोडरेघ दिसे, नेहमी त्याच जागी. सूर्यप्रकाशातही ती असेल का, हे पाहायला त्याने खोली अंधारी केली, झडपेत अरुंद फट ठेवली आणि चोवीस फुटांवर उत्तम फ्लिंट काचेचा लोलक मांडला. लोलकाच्या मागे त्याने डोळा लावला नाही, तर जमीनमोजणीला वापरतात तसल्या थिओडोलाइटची दुर्बीण लावली. वोलॅस्टनच्या आणि त्याच्या मांडणीत खरा फरक हाच. दुर्बिणीने रेघ मोठी आणि रेखीव दिसे, आणि थिओडोलाइटच्या चकतीवर तिचा कोन वाचता येई. रंग पाहण्याच्या खेळण्याचं त्या क्षणी मापाचं यंत्र झालं.

झळझळीत जोडरेघ सूर्यात दिसली नाही. दिसल्या त्या काळ्या रेघा, शेकड्यांनी. काही ठसठशीत, काही केसासारख्या बारीक. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास ५७४ रेघा मोजल्या, त्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास नकाशावर उतरवल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. ही अक्षरं आजही चालतात. दिव्यात जिथे पिवळी जोडरेघ चमकत होती, बरोबर तिथेच सूर्यात काळी जोडरेघ होती. तिला त्याने ‘डी’ म्हटलं. शुक्राकडे पाहिलं, तर त्याच रेघा. व्याधाच्या ताऱ्याकडे पाहिलं, तर वेगळ्याच. म्हणजे रेघा काचेचा दोष नव्हत्या, डोळ्याचा भास नव्हत्या आणि हवेतून येतानाही साऱ्याच उमटलेल्या नव्हत्या. त्या प्रकाशाबरोबरच आल्या होत्या.

त्या कशाच्या, हे त्याने शोधलं नाही. त्याला खुंट्या हव्या होत्या, शेकड्यांनी मिळाल्या. प्रत्येक रेघ किती वाकते हे मोजून तो आपल्या काचा पारखू लागला. रशियन साम्राज्यातल्या डोरपाट वेधशाळेसाठी त्याने केलेली साडेनऊ इंची दुर्बीण १८२४ मध्ये पोचली, तेव्हा भिंगाची तेवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाला विज्ञान अकादमीत घ्यावं का, यावर म्युनिकमध्ये वाद झाले. १८२६ च्या जूनमध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला.

पुढची तेहतीस वर्षं काळ्या रेघा तशाच राहिल्या. मिठाने, तांब्याने, स्ट्राँशियमने ज्योतीला वेगवेगळे रंग येतात हे अनेकांना माहीत होतं. पण पिवळी जोडरेघ जिथेतिथे हजर असे, म्हणून ती नक्की कुणाची हे ठरत नसे. अडचण आता काचेची नव्हती, ज्योतीची होती. स्पिरिटच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीला स्वतःचाच रंग असतो आणि तोच सगळं झाकून टाकतो. हायडेलबर्गच्या रॉबर्ट बुन्सेनने १८५५ मध्ये आपल्या प्रयोगशाळेच्या कारागिराकडून जो गॅसचा बर्नर करवून घेतला, त्याची ज्योत जवळजवळ बिनरंगी होती. आज प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत उभा असलेला हा बर्नर या गोष्टीत लोलकाइतकाच मोलाचा आहे.

बुन्सेन ज्योतीचे रंग रंगीत काचांमधून पाहत असे. लोलकातून पाहा, हे त्याला सुचवलं त्याचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र गुस्टाव्ह किरखोफ याने. दोघांनी १८६० मध्ये ज्या उपकरणाचं वर्णन छापलं, ते आज पाहिलं तर साधेपणाने थक्क करतं. आतून काळी केलेली, तीन पायांवर उभी एक पेटी. तिच्या दोन तिरप्या बाजूंना दोन छोट्या दुर्बिणी. एका दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग काढून तिथे दोन पितळी पात्यांची फट बसवलेली, म्हणजे फटीतून आलेला प्रकाश समांतर होऊन आत जावा. मध्ये पोकळ काचेचा लोलक, त्यात कार्बन डायसल्फाइड भरलेलं, कारण हा द्रव रंगांना काचेहून जास्त फाकवतो. दुसऱ्या दुर्बिणीतून पाहायचं आणि लोलक फिरवून रेघ त्या दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर आणायची. फटीसमोर बर्नर, ज्योतीत प्लॅटिनमच्या तारेवर चिमूटभर क्षार. फ्राउनहोफरला चोवीस फुटांची खोली लागली होती, हायडेलबर्गला टेबलाचा कोपरा पुरला. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत आज दिसणारे पितळी वर्णपटदर्शक याच पेटीचे वंशज आहेत.

या उपकरणाच्या तीक्ष्णतेचा पुरावा त्यांनी मुद्दाम घेतला. साठ घनमीटरच्या खोलीच्या पार कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधाच्या साखरेत मिसळून उडवलं आणि दुसऱ्या टोकाच्या ज्योतीकडे पाहत राहिले. काही मिनिटांत ज्योतीत पिवळी जोडरेघ उजळली. हिशेब केला तेव्हा मिलिग्रॅमच्या तीस लक्षांशाहूनही कमी सोडियम डोळ्याला सहज दिसत होतं. पिवळी रेघ सगळीकडे का दिसते, याचं उत्तर मिळालं. मीठच सगळीकडे असतं. हवेत, धुळीत, बोटांवर.

मग सूर्याकडे वळणं आलंच. किरखोफने १८५९ मध्ये सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतीतून पाठवून फटीत सोडला. ज्योतीचा पिवळा उजेड सूर्यातली काळी ‘डी’ रेघ भरून काढील असा अंदाज होता. सूर्यप्रकाश मंद असताना तसं झालंही. पण भरपूर ऊन सोडलं तेव्हा रेघ आणखी काळी झाली. जो वायू तापल्यावर एखादा रंग देतो, तोच वायू मागून आलेल्या प्रखर प्रकाशातला नेमका तोच रंग गिळतो. म्हणजे सूर्यावरच्या तुलनेने थंड थरात सोडियम आहे, लोखंडही आहे, आणि काळ्या रेघांची यादी ही सूर्याच्या घटकांची यादी आहे. तारे कशाचे बनलेले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असं फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत याने १८३५ मध्ये लिहिलं होतं. त्याला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

पृथ्वीवरही नवं सापडू लागलं. ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या खनिज पाण्यात बुन्सेनला दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. कॅकोडिल या रसायनाच्या स्फोटात एक डोळा गमावलेल्या या माणसाने उरलेल्या डोळ्याने पाहिलेल्या त्या रेघांवर एवढा विश्वास ठेवला, की चव्वेचाळीस हजार लिटर पाणी आटवून घेतलं आणि त्यातून जेमतेम सात ग्रॅम क्षार काढला. आकाशी निळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून या मूलद्रव्याचं नाव सिझियम पडलं. पुढच्याच वर्षी गडद लाल रेघांवरून रुबिडियम आलं. लंडनला विल्यम क्रुक्सला हिरव्या रेघेवरून थॅलियम मिळालं. मूलद्रव्य आधी डोळ्याला दिसायचं आणि मग हाताला लागायचं, हा रसायनशास्त्रातला उलटा क्रम या पेटीने सुरू केला.

लोक हे उपकरण घेऊन जिथे जमेल तिथे शिरले. शेफील्डच्या पोलादाच्या कारखान्यात बेसेमर भट्टीच्या तोंडावरची ज्योत हेन्री रॉस्कोने वर्णपटदर्शकातून पाहिली. लोखंडातला कार्बन जळून संपतो त्या क्षणी ज्योतीतल्या ठरावीक रेघा मावळतात, आणि हवा कधी बंद करायची ते त्यावरून कळतं. स्कॉटलंडचा राजज्योतिषी पियात्सी स्मिथ खिशात मावणारा वर्णपटदर्शक घेऊन आकाशाकडे बघे आणि बाष्पाच्या काळ्या पट्ट्यावरून पाऊस सांगू पाही. पोलादाचं साधलं. पावसाचं तितकंसं नाही.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली हिंदुस्थानच्या दक्षिण भागावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकली. तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखातल्या, आज कर्नाटकात असलेल्या, पटवर्धनांच्या जमखंडीत रॉयल सोसायटीने पाठवलेला वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता. ज्या विल्यम हर्शेलने सूर्याच्या लाल रंगापलीकडे उष्णतेचे अदृश्य किरण शोधले, त्याचाच हा नातू. ढगांनी फार छळलं. पण सूर्याच्या काळ्या बिंबाच्या कडेला उसळलेल्या तांबड्या ज्वालांवर फट नेताच त्याला सलग पट्टा न दिसता तेजस्वी सुट्या रेघा दिसल्या: लाल, नारंगी, निळी. ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या, हे ठरलं. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पोग्सन होता. गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सेन होता. रेघा एवढ्या लख्ख होत्या, की ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं जान्सेनच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फट सूर्याच्या कडेवर धरली आणि त्या तशाच दिसल्या. पुढचे कित्येक दिवस तो भर उन्हात सूर्याच्या ज्वाला पाहत राहिला.

लंडनमध्ये नॉर्मन लॉकयर हा युद्धखात्यातला कारकून हीच कल्पना दोन वर्षं मनात बाळगून होता. त्याचा बहुलोलकी वर्णपटदर्शक तयार व्हायला उशीर झाला होता. तो ऑक्टोबरात हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी लॉकयरला घराच्या दुर्बिणीतून त्या रेघा दिसल्या. त्याचं पत्र आणि जान्सेनचं हिंदुस्थानातून निघालेलं पत्र पॅरिसच्या अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचलं गेलं. फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेलं पदक पाडलं. त्या पिवळ्या-नारंगी रेघेबद्दल मात्र आता प्रश्न उभा राहिला. ती सोडियमच्या ‘डी’ जोडीशी जुळत नव्हती, तिच्या किंचित बाजूला होती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थात ती सापडेना. लॉकयर रसायनज्ञ फ्रँकलंडबरोबर काही काळ शोधत राहिला, आणि शेवटी सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्सेने क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात विरघळवलं, निघालेला वायू नळीत चमकवला आणि वर्णपटदर्शकातून पाहिलं. तीच रेघ होती.

एव्हाना लोलक मागे पडू लागला होता. लोलकाने फाकवलेले रंग निळ्याकडे ताणलेले आणि तांबड्याकडे दाटलेले असतात, आणि हे ताणणं काचेगणिक बदलतं. म्हणून प्रत्येकाच्या नकाशातली मापं वेगळी. रंग सारख्या अंतराने फाकवणारी दुसरी युक्ती फार आधीच हाती आली होती, तीही रुमालामुळे. फिलाडेल्फियात १७८५ च्या सुमारास फ्रान्सिस हॉपकिन्सन याने रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला आणि हे विचित्र रंग कुठून येतात, असं घड्याळजी-ज्योतिषी डेव्हिड रिटेनहाउस याला विचारलं. रिटेनहाउसने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांत केस ताणून बसवले आणि जगातली पहिली जाळी केली. समांतर, अगदी जवळजवळच्या फटींतून प्रकाश गेला की लाटा एकमेकींत मिसळून रंग फाकतात. ही कल्पना त्याने पुढे नेली नाही. १८२१ मध्ये फ्राउनहोफरने स्वतंत्रपणे तेच केलं. आधी आट्यांवर ताणलेल्या तारा, मग हिऱ्याच्या टोकाने काचेवर ओढलेल्या रेघा. रेघांमधलं अंतर माहीत असलं की प्रकाशाची तरंगलांबी थेट काढता येते, आणि ‘डी’ रेघेची तरंगलांबी त्यानेच पहिल्यांदा नीट मोजली. लोलकाच्या साहाय्याने काळ्या रेघांचा नकाशा करणाऱ्यानेच लोलकाला पर्यायही दिला, हे फार जणांच्या ध्यानात नसतं.

अशी जाळी करणं म्हणजे एका स्क्रूची परीक्षा. हिऱ्याचं टोक एक रेघ ओढतं, स्क्रू केसाच्या कित्येकाव्या भागाने फिरतो, पुढची रेघ येते. आटे कुठे तसूभर जाड-बारीक असले की चूक प्रत्येक फेऱ्याला परत येते आणि वर्णपटात नसलेल्या रेघा उमटतात. वर्णपटशास्त्रज्ञ त्यांना भुतं म्हणतात. ही भुतं घालवली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हेन्री रोलंडने. त्याने स्क्रू कापून तेवढ्यावर समाधान मानलं नाही. लांब, दुभंगलेल्या नटमध्ये तेल आणि एमरी घालून, पाण्याखाली एकाच तापमानात ठेवून, तो दिवसचे दिवस घासत ठेवला. आटे एकमेकांवर घासून स्वतःच्या चुका स्वतःच मिटवत जातात. नऊ इंच लांबीच्या त्याच्या स्क्रूत प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढीही चूक उरली नाही. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत ‘स्क्रू’ या विषयावर लिहायला त्यालाच सांगितलं गेलं, आणि तो लेख आजही कारागिराने वाचावा असा आहे.

रेघा ओढणारं हे यंत्र तळघरात, बाहेरच्या ऊन-थंडीपासून दूर चाले. माणूस जवळ गेला तरी अंगाच्या उबेने धातू फुगे. आरशाच्या मिश्रधातूच्या चकचकीत पत्र्यावर ते इंचाला १४,४३८ रेघा ओढी. सहा इंची जाळीसाठी ८६,००० हून अधिक रेघा, दिवस-रात्र न थांबता. १८८२ मध्ये रोलंडने आणखी एक उडी घेतली. सपाट पत्र्याऐवजी अंतर्गोल पत्र्यावरच रेघा ओढल्या. अंतर्गोल जाळी प्रकाश फाकवते आणि केंद्रितही तीच करते. म्हणून मध्ये एकही भिंग लागत नाही आणि काच जे जंबुपार किरण गिळते, तेही छायाचित्रात उतरतात. त्याच्या सारण्यांत सूर्याच्या सुमारे वीस हजार रेघा नोंदल्या गेल्या. जाळ्या तो खर्चाच्या किमतीत जगभर देई. लायडनमध्ये पीटर झीमानने १८९६ साली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली आणि सोडियमच्या रेघा रुंदावताना पाहिल्या, तेव्हा त्याच्या समोर रोलंडचीच जाळी होती. १९०१ मध्ये रोलंड वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी त्या यंत्राजवळच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

महाराष्ट्रातही या विद्येचं एक घर होतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले. डब्लिनच्या ग्रबने घडवलेली तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांचा भर सुरुवातीपासून वर्णपटावर होता.

मग २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण आलं. मुंबईत प्लेगने थैमान घातलेलं असतानाही जगभरच्या तुकड्या आल्या. सावलीची वाट जणू महाराष्ट्रासाठीच आखली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनजवळ नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होते. वऱ्हाडात तळणीला इंग्लंडहून आलेले माँडर आणि एव्हरशेड होते. वर्ध्याजवळ पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स हे आणखी दोन इंग्रज होते. सगळ्यांचं लक्ष खग्रास स्थितीच्या दोन मिनिटांच्या काठावरच्या एकदोन क्षणांवर होतं. चंद्र सूर्याचा शेवटचा तुकडा झाकतो, त्या क्षणी फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा उलटतात आणि सगळ्या एकदम तेजस्वी होऊन चमकतात, कारण मागचा प्रखर उजेड गेलेला असतो आणि सूर्याचा तो पातळ थर एकटाच जळत दिसतो. किरखोफने ज्योतीवरून जे ताडलं होतं, ते आकाशात उघड्यावर घडतं. तळणीला एव्हरशेडने टिपलेल्या छायाचित्रांत हायड्रोजनच्या रेघांच्या मालिकेपलीकडचा जंबुपारातला सलग उजेडही आला. हाच एव्हरशेड पुढे कोडाइकनालच्या वेधशाळेचा संचालक झाला. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणंही कोडाइकनालला गेली.

त्याच ग्रहणासाठी लॉकयर आला, तो सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गाला. किल्ल्याच्या आवारात उपकरणं मांडली आणि एचएमएस मेल्पोमेनी या युद्धनौकेवरचे नौसैनिक त्याने मदतीला घेतले. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे दाखवतात, त्यांची आठवण त्याच्याशी बांधलेली आहे. तिथे हेलियमचा शोध लागला, असं दरवर्षी १८ ऑगस्टला सांगितलं जातं. ते खरं नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गावर आला तेव्हा हेलियम रॅम्सेच्या नळीत येऊन तीन वर्षं होत आली होती. आपल्या मुलखाचा खरा वाटा जमखंडीच्या ढगाळ सकाळीचा आणि १८९८ च्या त्या चार तळांचा आहे, आणि तो कमी अभिमानाचा नाही. विजयदुर्गाला मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्या ओट्यांपाशी उभं राहून त्यांना २२ जानेवारी १८९८ ही तारीख सांगा, आणि लॉकयरबरोबर जेऊरच्या नायगमवालांचंही नाव सांगा.